हीटरच्या कळीवरून मागे आलेला हात

इजिप्तच्या वाळवंटातल्या खारगा गावी, टॅक्सीतळावर मी एकतीस वर्षं कारकुनी केली. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, उतारू किती, कुठे जाणार आणि किती वाजता सुटली, एवढं वहीत लिहायचं. नाईलकाठच्या असयूत शहरात वाणिज्य शाखेत शिकलेला असल्यामुळे सगळे मला उस्ताझ, म्हणजे गुरुजी, म्हणतात, आणि माझे रकाने सरळ आणि वेळा मिनिटापर्यंत बरोबर असतात. येत्या मार्चमध्ये ती वही दुसऱ्याच्या हातात जाईल. तिच्यात उस्ता सनूसीचं, म्हणजे आमच्या सनूसी मिस्त्रीचं, नाव मात्र कुठेच नाही, कारण तो गाडी चालवत नव्हता, दुरुस्त करत होता. त्याच्याबद्दल वेगळंच लिहायला हवं, आणि खरं सांगायचं तर ते मी बरीच वर्षं टाळलं.

तळाच्या मागे दोन खजुरांच्या मध्ये पत्र्याचं छप्पर, हे त्याचं गॅरेज. माणूस किडकिडीत, बोलणं कमी. डाव्या कानाच्या पाळीवर वाफेनं भाजल्याचा गुलाबी डाग होता, कारण काम करताना तो कान इंजिनाच्या फार जवळ नेत असे. फौजेत असताना तो हे काम शिकला. सगळंच करायचा, पण साऱ्या ओअॅसिसमध्ये त्याचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी: इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात अडकलेली हवा काढण्यासाठी.

आमच्याकडे जुलैत सावलीतसुद्धा पंचेचाळीस अंश असतात, आणि असयूतकडे निघालं की चाळीसेक किलोमीटरवर उभा घाट लागतो. नळी फुटली, पाणी सांडलं, नवी नळी घालून पाणी भरलं की काम झालं असं वाटतं. पण रिकाम्या झालेल्या वाटांमध्ये हवा दबून बसते. जिथे हवा, तिथे पाणी नाही. आणि जिथे पाणी नाही तिथलं लोखंड घाटात तापून वाकडं होतं.

सनूसीनं छपरापुढे माती आणि भुसा कालवून, पायानं तुडवून एक चढण केली होती. गाडीची पुढची चाकं तिच्यावर चढवायची म्हणजे नाक वर होतं आणि हवा नाकाकडे येते. मग रेडिएटरचं झाकण काढून तुपाच्या डब्याचं कापलेलं नसराळं त्यात चिंधी गुंडाळून बसवायचं आणि पाण्यानं भरायचं. इंजिन मंद चालू ठेवायचं आणि आत जाऊन हीटरची लाल टोकाची कळ शेवटपर्यंत गरमकडे ओढायची. ही पायरी इतर मिस्त्री सोडून देत. वाळवंटात हीटर कोण लावतो? कितीतरी ड्रायव्हरांनी ती कळ तारेनं बांधूनच टाकलेली असे. पण हीटरकडे जाणारी पाण्याची वाट त्या कळीनंच उघडते आणि सगळ्यात हट्टी हवा तिथेच दडते. कळ उघडली की सनूसी वरची जाड नळी दोन्ही हातांनी दाबत, सोडत राही, धार काढावी तसा. हीटरच्या नळीवरचा बारीक स्क्रू सैल करी. आधी फुसफुस, मग थुंकी, मग पाण्याची अखंड बारीक धार. डब्यातले बुडबुडे थांबले की इंजिन बंद करून, दीड पेला चहा होईस्तोवर निववून, पुन्हा पहिल्यापासून सगळं. एका खेपेत त्यानं गाडी कधी सोडली नाही.

"पहिल्या खेपेला निघते ती पाहुणी," तो म्हणायचा. "दुसऱ्या खेपेला निघतो तो घरजावई."

भर उन्हात हीटर पूर्ण उघडलेला असताना गाडीत बसणं म्हणजे भट्टीत बसणं. म्हणून त्याचा एकच नियम होता: सगळ्यांनी खाली उतरायचं. उतारूंसाठी बाकडं होतं, गार पाण्याचा माठ होता आणि काळाकुट्ट चहा होता. एकदा कैरोहून आलेला कुणी मोठा साहेब उतरेना.

"मी इथेच बसणार. तू तुझं काम कर."

"बसा ना साहेब," सनूसी म्हणाला. "फक्त सांगून ठेवा, एका बाजूनं भाजायचं की दोन्ही?"

साहेब उतरला. बाकड्यावरचे ड्रायव्हर इतके हसले की एकाचा चहा सांडला.

आता तोहामीविषयी. तोहामी पारीस गावाहून खारगा आणि तिथून असयूत अशी सात जणांची जुनी पेजो टॅक्सी चालवत असे. गाडी हाज्ज मिसबाहची, चालवणारा हा. बारा वर्षांत त्यानं ती कुठे घासल्याचंही माझ्या कानावर आलं नव्हतं. तो आणि सनूसी रोज एकमेकांच्या खोड्या काढत.

"हकीम, नाडी सापडली का गाडीची?"

"गाडीची सापडली. तुझ्या डोक्यातली हवा काढायला स्क्रू कुठे आहे तो शोधतोय."

अशी त्यांची गंमत चाले. ती कायमची बंद कशी झाली ते सांगतो.

मंगळवार, २० जुलै १९९९. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तोहामीची गाडी पारीसहून आली आणि तळाच्या तोंडाशीच तिची वरची नळी फुटली. सगळं पाणी रस्त्यावर. ढकलत ढकलत गाडी सनूसीच्या दारात नेली. सुटायची वेळ बदलणार म्हणून मीही वही घेऊन मागोमाग गेलो.

पुढच्या सीटवर हाज्जा रतीबा बसली होती. पारीसची म्हातारी विधवा, हजला जाऊन आलेली, गुडघ्यांनी अधू, मांडीवर भाकऱ्यांची टोपली. तिचा मुलगा बक्री असयूतला शिक्षक. त्यानं आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली होती. आणि याच बक्रीसाठी सनूसीच्या मुलीचं, नवाराचं, बोलणं चाललं होतं. बायका एकमेकींकडे जाऊन आल्या होत्या. पुढच्या महिन्यात फातिहा वाचून शब्द पक्का व्हायचा होता. सनूसीनं विहीणबाईंना अजून पाहिलेलं नव्हतं. आणि आता ती अशी, न सांगता, त्याच्या दारात फुटक्या गाडीतून येऊन ठेपली होती.

त्यानं साबणाच्या भुकटीनं हात दोनदा धुतले, डोक्यावरची मळकी टोपी काढून खिशात कोंबली आणि खिडकीशी गेला.

"नवाराचा बाप तूच का रे?" हाज्जानं विचारलं.

"मीच, हाज्जा. घर उजळलं माझं."

"घर आहे होय हे? मला आपलं गॅरेज वाटलं."

तोहामी मोठ्यानं हसला. सनूसी कानापर्यंत लाल झाला, पण हसला तोही.

नळी बदलायला फार वेळ लागला नाही. गाडी चढणीवर घेतली, नसराळं बसवलं, बाकीचे उतारू आपण होऊन उतरून माठाकडे गेले. हाज्जानं काठी चाचपली आणि दार ढकललं.

"थांब, मीही उतरते."

"छे छे, बसा तुम्ही!" सनूसीनं दार बाहेरून लावून घेतलं. "माझ्या दारात तुम्हांला उभं ठेवलं तर नवाराची आई मला घरात घेईल का? तुम्ही हलायचं नाही. झालंच आता."

त्यानं तिला पाणी दिलं, वारा घ्यायला पुठ्ठ्याचा तुकडा दिला. मग वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूनं आला आणि खिडकीतून आत हात घातला. मी त्याच्या मागे दोन पावलांवर उभा होतो. हात हीटरच्या लाल कळीकडे गेला. चार बोटांवर थांबला. हाज्जा पुठ्ठ्यानं वारा घेत त्याच्याकडेच पाहत होती, तिच्या कपाळावरून घाम निथळत होता. हात मागे आला. सनूसीनं तो चिंधीला पुसला, जणू पुसण्यासाठीच उचलला होता.

बाकी सगळं त्यानं केलं. नळी दाबली, कान लावला, बुडबुडे थांबल्यावर झाकण लावलं. दुसरी खेप केली नाही.

"झालं?" तोहामीनं विचारलं.

"झालं."

"एवढ्यात? परवा मला दोन चहा पाजलेस."

"निघ ना बाबा. हाज्जाला उशीर होतोय."

तोहामीनं माझ्याकडे पाहून खांदे उडवले. "सासरची माणसं आली की हकीमसुद्धा चटकन बरं करतो, काय उस्ताझ?"

मी हसलो आणि वहीत लिहिलं: बारा पंचवीस. मी तो हात पाहिला होता. माझ्या मनात आलं, एखाद्या वेळी चालत असेल. त्याचं काम तो जाणतो, आपण कोण?

गाडी घाटात उकळली. खारग्याहून बेचाळीस किलोमीटरवर, अर्ध्या चढावर, पुढून पांढरी वाफ आली आणि इंजिन जागच्या जागी थांबलं. तेव्हा त्या रस्त्यावर फोन नव्हता. तीन तास त्यांना कुणी भेटलं नाही. सावली म्हणजे गाडीची तेवढी, आणि तीही डोक्यावरच्या सूर्यानं गिळलेली. हाज्जाला चक्कर आली. उतारूंनी पाणी तिला दिलं. आणि तोहामी आपला गल्लाबिया, म्हणजे पायघोळ झगा, काढून, नुसत्या बनियनवर, दोन्ही हातांनी तो तिच्यावर धरून उभा राहिला. तीन तास. हे मला इतर उतारूंनी सांगितलं, त्यानं नाही. शेवटी खजुराचा एक ट्रक आला, त्यानं माणसंही आणली आणि गाडीही ओढून आणली. ऑपरेशनची वेळ गेली ती गेलीच. हाज्जा खारग्यात भाचीकडे अंथरुणाला टेकली.

संध्याकाळी सहा वाजता गाडी पुन्हा सनूसीच्या छपराखाली होती. भोवती दहा-बारा माणसं. सनूसीनं इंजिनाचं डोकं उघडलं आणि लोखंडी पट्टी आडवी धरून पाहिली. पट्टीखालून उजेड दिसत होता. डोकं वाकलं होतं.

"काटा कुठे होता तुझा?" मिसबाहनं तोहामीला विचारलं. गाडीत इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा असतो, तो.

"मध्ये होता, हाज्ज. मुलांची शपथ. वाफ येईपर्यंत मध्येच होता."

"इंजिन भट्टी झालं आणि काटा मध्ये?"

"मध्ये!"

"झोपला होतास तू." मिसबाह सनूसीकडे वळला. "उस्ता, तूच सांग. सकाळी तू गाडी नीट करून दिलीस ना? मग काय झालं?"

सनूसीची पाठ आमच्याकडे होती. तो पट्टी पुसत राहिला. मग म्हणाला, "चालवणाऱ्यानं काट्यावर नजर ठेवायची असते."

एवढंच. या वाक्यात एकही खोटा शब्द नाही. मी पुढे कितीदा तरी ते मनात वाचून पाहिलं आहे. पण तिथल्या प्रत्येकानं त्याचा एकच अर्थ घेतला, आणि सनूसीनं तो घेऊ दिला. तोहामीनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. तो वाट पाहत होता, की सनूसी आणखी काहीतरी बोलेल, निदान नेहमीसारखी खोडी तरी काढेल. सनूसी पट्टी पुसत होता.

मिसबाहनं जाहीर केलं की गाडी तोहामीकडून काढून घेणार. आणि आमच्या तळावर ज्यानं एकदा इंजिन जाळलं त्याला दुसरा मालक गाडी देत नाही. तोहामी पंचावन्न वर्षांचा होता, त्याला दुसरं काही येत नव्हतं. तळाचा जुना म्होरक्या शेख दरदीर यानं शुक्रवारी अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर बैठक बोलावली. तिथे ठरेल ते सगळ्यांनी मानायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. दोन्ही बाजू ऐकायच्या, आणि यंत्राचा प्रश्न असेल तर उस्ताचा शब्द अखेरचा. म्हणजे सनूसीचा.

मधले दोन दिवस तळावर दुसरा विषय नव्हता.

"तोहामी, किती वाजले? तुझ्या काट्यात बघून सांग."

"त्याचा काटा मध्येच असतो रे. सकाळी मध्ये, दुपारी मध्ये, कयामतीला मध्ये."

कुणीतरी बाकड्यावर खडूनं काटा काढून ठेवला, बरोबर मधोमध. तोहामीनं तो पाहिला, तळहातानं पुसला आणि घरी गेला. गुरुवारी आला नाही.

गुरुवारी दुपारी मी सनूसीकडे गेलो. तो मिसबाहच्या गाडीपाशी उकिडवा बसला होता, काम न करता.

"उस्ता," मी म्हटलं, "त्या दिवशी हीटर..."

"चहा घ्या, उस्ताझ."

त्यानं पेला माझ्यापुढे केला. त्यानं वर पाहिलं नाही. मला वाटलं, याच्या मुलीचं लग्न आहे. मला वाटलं, उद्या बैठकीत तो स्वतःच सांगेल, आपण कशाला मध्ये? मी चहा घेतला, गोड होता, चांगला होता. पेला खाली ठेवून ऑफिसात परत आलो आणि दुपारच्या गाड्यांच्या वेळा नोंदवल्या.

शुक्रवारी तळाच्या सावलीत चटया घातल्या. शेख दरदीर मध्ये, मिसबाह एका बाजूला, तोहामी दुसऱ्या बाजूला, धुतलेल्या पांढऱ्या गल्लाबियात. टिपण लिहायला मी. उतारूंपैकी साक्षीला हाज्जा रतीबाला विचारलं होतं. ती येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं, पण भाचीच्या खांद्यावर हात टाकून आली आणि खुर्चीवर बसली. तिला पाहताच सनूसीनं मान खाली घातली, ती बराच वेळ वर केली नाही.

"हाज्जा," दरदीरनं विचारलं, "हा गाडी जोरात हाकत होता का?"

"जोरात? म्हाताऱ्या गाढवासारखी चालवत होता. मला डुलकी लागली."

लोक हसले. तोहामी हसला नाही.

"आणि काटा?"

"मला समोरचा माणूस धड दिसत नाही, काटा कुठला दिसणार? त्यासाठीच तर निघाले होते."

दरदीर सनूसीकडे वळला. "उस्ता, एकच विचारतो. हो किंवा नाही सांग. काटा मध्ये असताना इंजिन उकळू शकतं?"

दूर एक गाडी हॉर्न वाजवत होती. मिसबाह उत्तर ठाऊक असल्यासारखा मिशी कुरवाळत बसला होता.

"शकतं," सनूसी म्हणाला.

"काय?"

"शकतं. काट्याची तार जिथे पोचते तिथे एक कणी असते. ती पाण्यात बुडलेली असली तरच तिला उष्णता कळते. तिथे हवा असली तर ती कोरडी राहते. मग इंजिन जळून जाईल, पण काटा मध्येच राहील." त्यानं पहिल्यांदा तोहामीकडे पाहिलं. "हा खरं बोलतोय. पहिल्या दिवसापासून."

मिसबाहचा हात मिशीवरून खाली आला. मग दरदीरनं विचारलं, "हवा आली कुठून?"

"माझ्याकडून. आत राहिली. हीटर उघडायला विसरलो मी."

माझी लेखणी थांबली. दरदीर पुढे झुकला.

"तू विसरलास? तू? खारग्यात माणसं बायकोचं नाव विसरतील, पण..."

"विसरलो," सनूसी म्हणाला. "लिहा, उस्ताझ."

मी लिहायला लागलो. त्यानं हे का म्हटलं ते मला समजलं होतं. ज्या कामावर त्याचं सगळं नाव उभं होतं, त्यातच स्वतःला निष्काळजी ठरवणं त्याला परवडलं, पण पाहुणीमुळे झालं असं तिच्या तोंडावर म्हणणं परवडलं नाही. मला त्यात मोठेपणा वाटला. मी 'विसरल्यामुळे' हा शब्द पूर्ण केला.

"विसरला नाही तो," हाज्जा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"मला लांबचं दिसत नाही, हाताएवढं दिसतं. तुझा हात त्या लाल दांड्याकडे गेला होता, लेका. अर्ध्या वाटेवर थांबला आणि परत गेला. तेव्हा मी म्हटलं, असेल काहीतरी. तो दांडा कशाचा होता?"

सनूसी चटईची कड बोटांनी सारखी करत राहिला.

"मी विचारतेय. कशाचा होता?"

"हीटरचा," तो म्हणाला. "उघडला असता तर तुमच्या अंगावर आग आली असती, हाज्जा. तुम्ही आत होता."

"मी उतरत होते. दार तू लावलंस."

"हो."

"मला उतर म्हणायची लाज वाटली तुला. बरं. समजलं. आणि हा माणूस तीन तास अंगातलं काढून माझ्यावर धरून उभा होता, याला चार माणसांत झोपाळू ठरवताना नाही वाटली?"

ती मोठ्यानं बोलली नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. सनूसीनं दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले होते आणि तो त्यांच्याकडे पाहत होता, कुणा दुसऱ्याचे हात असावेत तसा. तोहामी उठून चटईच्या कडेला गेला आणि पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

शेख दरदीरनं माझ्याकडे पाहिलं. "उस्ताझ, त्या दिवशी सुटायची वेळ तू लिहिलीस. म्हणजे तू तिथेच होतास."

"होतो."

"हात पाहिलास?"

"पाहिला."

"मग तीन दिवस?"

मी लेखणीचं टोक पुसलं. गुरुवारचा चहा मी तिथे सांगितला नाही.

"तेही लिही," तो म्हणाला.

मी लिहिलं. 'विसरल्यामुळे' खोडलं, त्यावर खरं कारण लिहिलं आणि शेवटी माझं नाव घालून, मी पाहिलं होतं आणि बोललो नाही, हे लिहिलं. ते टिपण अजून तळाच्या कपाटात आहे. अक्षर सरळ आहे.

निकाल साधा होता. गाडी तोहामीकडेच राहिली. मिसबाहनं सगळ्यांसमोर उठून त्याचं कपाळ चुंबलं. इंजिन सनूसीनं पुन्हा उभं करायचं ठरलं, ते त्यानं नऊ दिवसांत केलं. त्या नऊ दिवसांत त्याच्या छपराखाली कुणी गंमत करायला बसलं नाही. दहाव्या दिवशी त्यानं गाडी चढणीवर घेतली, हीटरची कळ पूर्ण ओढली आणि हवा काढली, दोनदा नाही, चार वेळा.

नवाराचं लग्न मोडलं नाही. त्याला ज्याची भीती वाटली होती ते झालंच नाही. हाज्जाच्या डोळ्याचं ऑपरेशन हिवाळ्यात झालं आणि वसंतात ती त्याच वाटेनं परत आली. गाडी सनूसीच्या दारात थांबली तेव्हा तो खिडकीशी गेला आणि टोपी काढून उभा राहिला. तिनंच दार उघडलं.

"बाजूला हो. आधी उतरते, मग सलाम कर."

पुढे दोघं एका ताटातून जेवले, नातवंडं झाली, ती त्याला "गॅरेजवाला" म्हणून चिडवत राहिली. तिनं मनात काही ठेवलं नाही.

तोहामीचं तसं नव्हतं. त्यानं भांडण केलं नाही, गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडेही नेली नाही. खारग्यात दुसरा एवढा चांगला नव्हताच. पण आला की तो बाकड्यावर बसत नसे. गाडीच्या नाकाशी उभा राही, हात मागे बांधून, डब्यातला शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत. हीटरची कळ तो स्वतः ओढी. "हकीम" म्हणणं त्यानं बंद केलं, "उस्ता" म्हणे, आदरानं, परक्याला म्हणावं तसं.

आणि चहा घेत नसे. सनूसी प्रत्येक वेळी त्याच्यासाठी पेला भरी, बाकड्याच्या टोकाला ठेवी, आग्रह न करता. काम होई, तोहामी सलाम करून गाडी काढी. मग सनूसी तो गार झालेला चहा खजुराच्या मुळाशी ओतून पेला विसळून ठेवी. अकरा वर्षं, सनूसी जाईपर्यंत, मी हे पाहिलं. पुष्कळदा मी त्याच बाकड्यावर बसलेला असे. तो माझ्यापुढेही पेला ठेवी, आणि मी तो घेत असे.